चौकशीकाकांचा रानकोंबडा

खोली भाड्याने देण्याआधी चौकशीकाकांनी माझी जेवढी चौकशी केली, तेवढी पुढे माझ्या सासरच्यांनीही केली नाही. मी साताऱ्याकडची. जामसंड्याच्या शाळेत नोकरी लागली म्हणून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आलेली. काका पडवीत खुर्ची टाकून बसले होते. गाव कोणतं, वडील काय करतात, मासे चालतात का, विहिरीचं पाणी शेंदता येतं का, गाता का, आणि गात असाल तर किती मोठ्याने? सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक आहे. कळवतो." मग त्यांनी आमच्या हेडमास्तरांना विचारलं, पोस्टमनला विचारलं, मी ज्यांच्याकडे तात्पुरती उतरले होते त्या बाईंनाही विचारलं. दोन-तीन दिवसांनी बोलावून किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही झोपेत बोलता म्हणे. चालेल."

देवगडच्या कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. लहानथोर सगळ्यांचे ते चौकशीकाका. छत्री घ्यायची तर दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून, एकेक डोक्यावर धरून, दुकानदारासह बाहेर पावसात उभे राहून ते बघत. घरात कुकर आला तो आधी शेजारणीचा कुकर मागून आणून त्यात डाळ, भात आणि एकदा तर नुसतं पाणी शिजवून पाहिल्यावर. "आधी इचारूंया, मगे बघूंया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यात कंजूषपणा नव्हता. पटलेल्या गोष्टीला ते हात आखडत नसत. पण आपल्याला कोणी फसवलं, या कल्पनेनेच त्यांची झोप उडायची.

याचा गावाला उपयोगही होता. पंप, सायकल, लग्नाचा बँड, कशासाठीही लोक त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसत. त्या काळात टीव्ही नवा होता. एका आंबेवाल्याने हौसेने टीव्ही ठरवला, तेव्हा काका त्याच्या घराच्या कौलांवर चढले, चहूकडे बघून खाली उतरले आणि म्हणाले, "हंय नुसत्या मुंग्या दिसतल्यो." त्याने ऐकलं नाही, टीव्ही घेतला, आणि वर्षभर मुंग्या पाहिल्या.

माझ्याशी ते कचेरीतली शुद्ध मराठी बोलत. पहिल्या पावसाळ्यात मला ताप आला. काकींनी पेज करून दिली, आणि काका दारात उभे राहून मला ओरडून म्हणाले, "चेडवा, मीठ घाल गो तेच्यात, नायतर तोंडाक चव येवची नाय!" त्या 'चेडवा'पासून मी भाडेकरूची घरातली मुलगी झाले.

काकी म्हणजे त्या घरातला न ऐकू येणारा आवाज. लहानखुऱ्या, हात सतत कामात. मुली लग्न होऊन गेलेल्या, मुलगा मुंबईला. काकींनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला कधी दिसलं नाही. लुगडं काका आणत, चौकशी करून. काकी नेसत.

काकांना तरुणपणी शिकारीचा नाद होता. घाटाखाली फोंड्याच्या बाजूला त्यांचा एक दोस्त होता. तिथे मुक्काम टाकून ते ससे मारत, रानकोंबडे मारत. पुढे शिकारबंदीचा कायदा आला. काकांनी कुरकुर न करता बंदूक सरकारात जमा केली. पण गोष्टी राहिल्या. संध्याकाळी खळ्यात कोणी आलं की रानकोंबडा निघायचाच. तो कसा झुडपातून फडफडत उठतो, उठल्याबरोबर कसा नेम धरावा लागतो, बार चुकला तर पुन्हा दिवसभर दिसत नाही. काकी आत भाकऱ्या थापत असायच्या.

असाच एकदा एक ओळखीचे कंडक्टर बसले होते. ते म्हणाले, "काकानूं, आंबोलीक आता एक नवीन लॉज झालोहा. रवाची सोय, जेवण, आणि सकाळी काळोखातसून जंगलात नेऊन रानकोंबो दाखयतत. मारूचो नाय, नुसतो बघूचो. पैसे मात्र सांगूक नको इतके घेतत."

काका खो खो हसले. "कोंबो बघूक पैसे? लोकांका येड लागलाहा."

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "माका जावचा आसा."

काकांनी वळून पाहिलं. काकी पिठाचे हात तसेच धरून उंबऱ्यावर उभ्या होत्या.

"खंय?"

"आंबोलीक. कोंबो बघूक."

"तू काय कमी कोंबे बघलंस?"

"मेलेले बघलंय," काकी म्हणाल्या. "तुमी आणून टाकलास, मी पिसां काढलंय, वाटण वाटलंय. जितो कसो दिसता ता तुमका ठावक. माका नाय."

कंडक्टर बसची वेळ झाली म्हणून उठले. काका त्यांना खळ्याच्या कडेपर्यंत पोचवून आले. मग नेहमीचं वाक्य आलं, पण जरा हळू आवाजात. "इचारूंया."

आणि चौकशी सुरू झाली. लॉजवर राहून आलेल्यांना त्यांनी शोधून काढलं. बँकेतले एक साहेब म्हणाले, उत्तम. एक डॉक्टर म्हणाले, अंथरुणं ओलसर, आणि कोंबडा काही दिसला नाही. मग एका सकाळी काका स्वतःच एसटीने आंबोलीला जाऊन आले. खाटेवर आडवे होऊन पाहिलं, न्हाणीघरातलं पाणी पाहिलं, एक ताट जेवून पाहिलं. लॉजचा मालक तात्या, गालांवरच्या कल्ल्यांना मिशा जोडलेला भारदस्त गडी, स्वतःच लोकांना जंगलात घेऊन जायचा. काकांनी त्याला विचारलं, "कोंबो नाय दिसलो तर पैसे परत देतलास?"

तात्या म्हणाला, "कोंबो काय माझो नोकर हा?"

काका घुश्शातच परत आले. "जेवण बरा आसा," पायांवर पाणी घेता घेता त्यांनी निकाल दिला, "पण ह्या परवडणारा न्हय. असल्या कामाक पैसे कित्याक व्हये? मी काय जंगल बघूक नाय? मीच दाखयतंय हिका."

काकी फक्त "बरां" म्हणाल्या.

माघातल्या एका रविवारी आम्ही तिघं फोंड्याकडे काकांच्या त्या जुन्या दोस्ताच्या घरी गेलो. मी नको म्हणत होते, पण काकींनी माझा हात सोडला नाही. पहाटे काजूच्या बागेतून पलीकडच्या रानात शिरलो. काका पुढे. त्यांचं वय जणू गळून पडलं होतं. वाकून, झपझप, पायाखालचं पान न वाजवता ते चालत होते. काकी लुगडं सावरत मागे. एका करवंदीच्या जाळीपाशी काका थबकले, हाताने आम्हांला थांबवलं, आणि दोन पावलं एकदम पुढे टाकली. फडफड झाली. काहीतरी राखाडी-काळं वीज चमकावी तसं उठलं आणि झाडांत नाहीसं झालं.

"दिसलो?" काकांनी मागे वळून विचारलं.

"पानां हलली," काकी म्हणाल्या.

असं तीनचारदा झालं. शेवटच्या वेळी पक्षी उठला तेव्हा मी काकांकडेच बघत होते. त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले. डावा पुढे, उजवा खांद्याशी, मान तिरकी. हातात काहीच नव्हतं. क्षणभर ते तसेच उभे होते. काकींनीही ते पाहिलं. मग काकांनी हात खाली घेतले आणि एका दगडावर बसले.

मला वाटलं, दम लागला. पण ते काकींकडे न बघता म्हणाले, "माका कोंबो उडवूक येता गो. दाखवूक येणा नाय."

काकी त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडून गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. परतताना काका आमच्या मागून चालत होते. त्यांना मी कधी कोणाच्या मागून चालताना पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात आंबोलीचं ठरलं. या वेळी काकांनी कोणालाही काही विचारलं नाही.

संध्याकाळी पोचलो तेव्हा थंडी हाडांत शिरत होती. किनाऱ्यावर आयुष्य गेलेल्या काकी दोन घोंगड्या पांघरूनही कुडकुडत होत्या, तरी हसत होत्या. सकाळी उजाडायच्या आत सवयीने त्यांना जाग आली, आणि सवयीनेच त्या स्वयंपाकघराकडे गेल्या. तिथे तात्याची बहीण चुलीशी होती. तिने काकींच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "वयनी, तुमी भायर बसा. चाय मी आणतंय." काकी व्हरांड्यात येऊन बसल्या. बहिणीने गरम कप आणून दिला. काकींनी तो दोन्ही हातांत धरला आणि इकडेतिकडे बघत राहिल्या, कोणीतरी येऊन कप परत मागेल अशा.

त्या सकाळी काही दिसलं नाही. दूर दरीतून कोंबड्याची बांग मात्र आली. गावातल्या कोंबड्यासारखी सुरू होणारी, पण मध्येच मोडणारी, शेवट गिळून टाकणारी. काका माझ्या कानाशी पुटपुटले, "आवाज तर आमच्या फोंड्याकपण फुकट येता." तात्याने ते ऐकलं आणि मिशीत हसला.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. तात्याने आम्हांला एका पडक्या बांधाच्या आडोशाला बसवलं. "हालूचा नाय. बोलूचा नाय. काकानूं, तुमका मुद्दाम सांगतंय." आम्ही बसलो. पायांना मुंग्या आल्या. काकांची बोटं गुडघ्यावर सारखी चाळवत होती. उठावं, पुढे जावं, झुडूप हलवावं, असं त्यांच्या अंगात भरून आलेलं मला शेजारी बसून कळत होतं. पण ते बसून राहिले.

धुकं जरा विरलं, आणि समोरच्या मोकळ्या जागेत दोन भुऱ्या कोंबड्या येऊन पाचोळा उकरू लागल्या. त्यांच्या मागून तो आला. घाई नाही, भीती नाही. राखाडी अंग, शेपटी काळी पण हलली की जांभळी झाक मारणारी, आणि मानेवरच्या प्रत्येक पिसाला मेणाचा थेंब लावावा तसे पिवळट ठिपके. उन्हाची एक तिरीप आली तेव्हा ती सबंध मान पेटल्यासारखी झाली. त्याने एक किडा उकरला, स्वतः न खाता बाजूला झाला, कोंबडीला खाऊ दिला. मग मान ताणून बांग दिली, इतक्या जवळून की काकी दचकल्या.

त्यांनी काकांचा दंड घट्ट धरला होता. मी काकांकडे पाहिलं. ते कोंबड्याकडे बघतच नव्हते. ते काकींच्या तोंडाकडे बघत होते.

कोंबडा गेल्यावरही कोणी उठेना. शेवटी काकी म्हणाल्या, "काय चालता हो! जसो काय जंगल तेच्या बापाशीचा." आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

न्याहारीला आंबोळ्या होत्या. तात्या कमरेवर हात ठेवून काकांपुढे उभा राहिला. "काय काकानूं, परवडला काय?"

काकांनी आंबोळीचा तुकडा मोडला. "माका कित्याक इचारतंस? तिका इचार."

सगळे काकींकडे बघू लागले. काकींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चाय बरी होती."

तात्या मोठ्याने हसला. मीही हसले. काका हसले नाहीत. ते बायकोकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब चुकल्याचं लक्षात आलेल्या कारकुनाचा भाव होता. जामसंड्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तेव्हा स्वयंपाकघरातून धूर येत होता, खोकणं येत होतं, आणि काकी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. "चाय करतत," त्या मला कुजबुजल्या. "काय पिऊच्या लायकीची नसता. पण मी पितंय."

त्यानंतर काकी जरा मोठ्याने बोलू लागल्या. आम्हांला आधी ते चमत्कारिक वाटायचं. खळ्यात मंडळी बसली की त्या आतून मध्येच काहीतरी सांगायच्या, आणि काका गप्प बसून ऐकायचे. काकांच्या गोष्टींतला रानकोंबडा आता मरेनासा झाला. तो यायचा, किडा उकरायचा, बांग द्यायचा आणि निघून जायचा. जुन्या श्रोत्यांना ते फारसं आवडलं नाही.

काही वर्षांनी माझी साताऱ्याला बदली झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात काकी म्हणाल्या, "गो चेडवा, जन्म दर्याकडेक गेलो, पण होडयेत कधी बसलंय नाय." काकांना पाण्याची भीती होती, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. शिकारीच्या एकाही गोष्टीत ते आलं नव्हतं. तरी आम्ही देवबागला गेलो. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या वाळूच्या पट्टीवर काकांच्या ओळखीच्या एका मच्छीमाराची होडी होती. मला शाळेत हजर व्हायला दुपारची बस गाठायची होती, म्हणून मी काठावरच थांबले. काकी पुढच्या टोकाला जाऊन बसल्या, अगदी सहज. काका मधोमध, दोन्ही हातांनी होडीची कड धरून, डोळे मिटून.

मच्छीमाराने होडी ढकलली. खाडीचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे लाटा उठत होत्या. होडी वर गेली, खाली आली. काकींनी मागे वळून काकांना काहीतरी सांगितलं. वाऱ्यात मला ते ऐकू आलं नाही. पण काकांनी डोळे उघडले. मग एक हात कडेवरून सोडला, आणि काकी जिकडे बोट दाखवत होत्या तिकडे ते बघू लागले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची आठवण येते तेव्हा ते पडवीतल्या खुर्चीत दिसत नाहीत. ते होडीत दिसतात, एका हाताने कड धरलेले, समुद्राकडे तोंड करून.