आई ठाण्याला असते

ठाकुर्लीला सहलीला जायचं म्हटल्यावर ऑफिसातले लोक हसले. तिथे वीजघर आहे, रेल्वेच्या चाळी आहेत आणि त्यांच्यापलीकडे भातखाचरं आहेत. पाहण्यासारखं एवढंच. पण आम्ही पाहायला निघालोच नव्हतो. आमची मुलगी शालू साडेतीन वर्षांची झाली होती आणि आईला वहिनी म्हणत होती.

यात नवल काही नाही. आमचं नौपाड्यातलं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, माणसं सात. माझे दोन धाकटे भाऊ आणि बहीण माझ्या बायकोला, सुमतीला, वहिनी म्हणतात, मला दादा म्हणतात आणि आमच्या आईला आई म्हणतात. शालूने ऐकलं तसं उचललं. मी दादा, सुमती वहिनी आणि आजी ही आई. दादाचं मला काही वाटत नसे. सुमतीला मात्र फार वाटे. शेजारची मुलं "आई गं" करत घरात शिरली की ती हातातलं काम थांबवून ऐकत बसे. एक दिवस म्हणाली, "दोन दिवस कुठेतरी जाऊ या. तिघंच. तिथे वहिनी म्हणणारं कोणी नसेल, तर म्हणेल ती आई." मी माझ्या शाळासोबत्याला, दामूला, पत्र टाकलं. तो वीजघरात नोकरीला आहे. घरी सांगितलं की दामूने आग्रहाने बोलावलंय.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, दुपारची गाडी धरली. लहान मूल घेऊन जाणाऱ्यांनी दुपारचीच धरावी, बसायला जागा मिळते. आमची अडचण वेगळी होती. त्या महिन्यात शालूने एक नवीन खूळ काढलं होतं. कोणत्याही दारात ती उभी राही आणि आतून कोणी "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नसे. घरात आम्ही दिवसातून पन्नास वेळा "या, या" करत असू. ठाणे स्टेशनवर गाडी आली, मी ट्रंक आत टाकली, सुमती चढली आणि बाईसाहेब फलाटावर उभ्या. मी तिला उचलणार, तेवढ्यात दारापाशी टोपली घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, "ये बाय, ये. कवा येतेस?" शालू ऐटीत हात पुढे करून चढली. पुढे कळवा, मुंब्रा, दिवा करत ती त्या बाईच्या टोपलीला टेकून बसली आणि सुकटीच्या वासाने सुमती पदर नाकाला लावून बसली.

ठाकुर्ली स्टेशनापासून दामूचं क्वार्टर पायी दहा मिनिटांवर आहे. वाहन मिळत नाही आणि लागतही नाही. वीजघराचं धुराडं डोळ्यांसमोर ठेवून चालत राहायचं. पिण्याचं पाणी चांगलं आहे. रात्रभर यंत्रांची घरघर चालू असते, पण तासाभरात कान सरावतात.

दामू दारातच उभा होता. मला बाजूला सारून तो हसतमुखाने म्हणाला, "या वहिनी, या. किती वर्षांनी पाय लागले."

सुमतीने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. मित्राच्या बायकोला माणूस वहिनी म्हणणार नाही तर काय म्हणणार? हे माझ्यासारख्या, हिशेबाच्या खात्यात सहा वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही. शालू मात्र खूश. एका दमात तिला "या" मिळालं आणि ओळखीची हाकही मिळाली. ती आपल्याच घरात शिरावी तशी आत गेली.

दामूच्या बायकोने, कुसुमताईंनी, गरम गरम तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. साखर रेशनची, म्हणून चहा गुळाचा. त्यांचा बाळू चार वर्षांचा. तो कुसुमताईंना आई म्हणे. सुमतीने ही संधी सोडली नाही. शालूला जवळ घेऊन हळूच म्हणाली, "बघ, बाळू आपल्या आईला आई म्हणतो. तू मला काय म्हणशील?" शालूने थोडा विचार केला. मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "ही बाळूची आई. आपली आई ठाण्याला असते."

रविवारी सकाळी आम्ही तिघं कल्याणला गेलो. गाडीचा जेमतेम एका स्टेशनाचा प्रवास. स्टेशनाबाहेर टांगे उभे असतात. दुर्गाडीपर्यंत जाऊन यायचे बारा आणे सांगितले, आठ आण्यांवर आला. उन्हं चढायच्या आत जावं. किल्ला म्हणजे आता थोडे बुरूज आणि देऊळ, पण वरून खाडी छान दिसते. गलबतं लागलेली असतात आणि वारा भरपूर. शालू देवळाच्या दारात उभी राहिली. पुजारी आपल्या नादात होते. शेवटी आतून मीच देवीच्या वतीने "या" म्हटलं.

परतताना टांगेवाला गप्पिष्ट निघाला. मागे वळून शालूला म्हणाला, "बेबी, तुझी आई कुठंय?"

"ठाण्याला."

"अस्सं. मग ह्या कोण?"

"वहिनी."

"आणि हे?"

"दादा."

टांगेवाल्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "चांगलं हाय, साहेब. धाकट्या बहिणीला घेऊन फिरता. आजकाल कोण करतं?" मग तो सुमतीला म्हणाला, "आणि वहिनी पण चांगली मिळाली हो पोरीला. जीव लावते."

खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. सुमती खाडीच्या बाजूला तोंड करून बसली होती. टांगा सोडल्यावर पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. "तुम्ही सांगितलं का नाहीत त्याला?" एवढंच म्हणाली. तेव्हा प्रथम माझी गंमत ओसरली आणि मला माझी लाज वाटली.

ठाकुर्लीला पोचलो तर बाळू ओट्यावर वाट पाहत होता. बापाचं ऐकून त्यालाही एव्हाना हाक पाठ झाली होती. धावत येऊन सुमतीचा पदर धरून म्हणाला, "वहिनी, मला काय आणलं?"

शालूने त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो पडला, रडू लागला. शालूही रडू लागली, पण सुमतीच्या पायांना विळखा घालून. "तुझी नाही. ही माझी वहिनी आहे. तू तुझ्या आईकडे जा." सुमती मट्कन पायरीवरच बसली आणि तिने शालूला मांडीवर ओढून घेतलं. त्यानंतर परतीच्या गाडीपर्यंत तिने आईचा विषय काढला नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास घरी आलो. आई खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. शालूने तिला सगळं सांगितलं: धुराडं, घोडा, बाळू. आणि शेवटी, आम्ही तिला घरी सांगू नको असं बजावायला विसरलो होतो तेही. "वहिनी म्हणते, मला आई म्हण."

सुमती स्वयंपाकघराच्या दारात खांबासारखी उभी राहिली. मी काहीतरी सारवासारव करणार होतो. आईने हात थांबवला नाही. खडे वेचता वेचता म्हणाली, "मधू, तू मला काकू म्हणायचास. आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"गावाला थोरल्या जावेची मुलं मला काकू म्हणायची, म्हणून तूही. आई म्हणजे तुझी आजी. त्या गेल्या, मग आपण इथे बिऱ्हाड केलं. शाळेत जायला लागल्यावर एक दिवस दप्तर टाकलंस आणि आई म्हणालास. आठ वर्षांचा होतास. मी त्या दिवशी कोणाला काही बोलले नाही, शेवया केल्या." तिने एक खडा खिडकीबाहेर टाकला. "इतक्या उशिरा मिळालं म्हणून सोडवत नव्हतं. उद्यापासून शालूला सांगते, मला आजी म्हण."

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं. सुमती पुढे आली. शालूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "शालू, आईला विचार, भात किती लावू?" आई तीन हातांवर बसली होती. शालूने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "दोन वाट्या लाव. दमून आलात."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. "या"साठी दारात अडण्याचं खूळ पुढच्याच महिन्यात गेलं, कधी ते कळलंही नाही. हाक तीच आहे: शालूला आजी अजून आई आणि सुमती वहिनी. ठाकुर्लीला जायला थंडीचे दिवस चांगले, मुलांना मोकळं धावायला मिळतं. परवा दामूचं पुन्हा पत्र आलं, तेव्हा मी सुमतीला विचारलं की जायचं का, बघू या अजून एकदा प्रयत्न करून.

"जाऊ या की," ती म्हणाली. "पण त्या हाकेची आता मला घाई नाही."