कनकलताक्काचा उलटा धूर

कनकलताक्का माझी भिंतीपलीकडची शेजारीण. बाई कष्टाळू, हाताला चव अशी की पानावरून उठू नये, पण स्वभाव भलता संशयी. दूधवाला पाणी घालतो, गॅसवाला सिलिंडर कमी भरून देतो, आणि मी, जयश्री, तिच्या कढीपत्त्यावर डोळा ठेवून असते! म्हणून घरात गॅस असूनही तिचा जीव परसाकडच्या खोलीतल्या धुराड्याच्या चुलीवर. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पावसाळा सोडला तर रोज लाकूड जाळणारी ती एकटीच उरलीय.

पोंगलनंतर तिच्या प्रवीणकुमारचं लग्न झालं. सून साईप्रिया, पापनाशमची. आपल्यातलीच, तंजावूरकडच्या मराठी माणसांतली, पण माहेरी बोलणं सगळं तमिळ. मराठी तिला अर्धंमुर्धं कळतं. अक्कानं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "ह्या घरात मराठीच बोलायचं." स्वतःला तमिळ फाडफाड येत असून!

आमच्याकडचा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा, तो पार पोंगलच्या तोंडापर्यंत; तेवढा काळ बंद असलेली चूल लग्नानंतर पेटली, आणि धूर उलटा घरात. आदल्याच दिवशी सून म्हणाली होती, "अत्तै, गॅसच बरा." सासूला ती तमिळ रीतीनं अत्तै म्हणते. झालं! अक्का भिंतीवरून माझ्या कानाला लागली. "तिनंच काहीतरी केलंय. तिला माझी चूल मोडायचीय."

"अगं, लाकडं ओली असतील."

तिनं दोन लाकडं एकमेकांवर आपटून दाखवली. खणखणीत वाजली. राख उपसलेली, खालून हवेला वाट मोकळी, मागचं दार सताड उघडं. तरी धूर तोंडावरच. मग काय, सून चुलीकडे आली की ही तिच्या पाठोपाठ.

शुक्रवारी सकाळी लाकूड फार आत सरकलं आणि धुराचा लोट उठला. खोकत खोकत अक्का सुनेवर ओरडली, ते मी माझ्या न्हाणीघरातून ऐकलं. "ओढ, ओढ!" थोड्या वेळानं साईप्रिया पिशवी घेऊन रडत बस स्टँडकडे जाताना दिसली.

"बघितलंस?" अक्का म्हणाली. "पकडली जाईल म्हणून पळाली."

संध्याकाळी प्रवीणकुमार ऑफिसातून आला तो संतापूनच. बायकोनं फोनवर सगळं सांगितलं होतं. "आई, तू तिला 'ओडु ओडु' म्हणून हाकललंस? ती येणार नसेल, तर मीही पापनाशमलाच जाऊन राहतो." आणि न जेवताच खोलीत गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही तंजावूरची माणसं 'ओढ'मधला ढ कुठे नीट म्हणतो? ओड म्हणून मोकळे होतो. आणि तमिळमध्ये ओडु म्हणजे पळ! सासू म्हणत होती, लाकूड ओढ. सुनेनं ऐकलं, पळ इथून.

हे सांगितलं, तर अक्काचं उत्तर तयार. "असेल. पण धुराचं काय? ते तिचंच काम."

मला असा राग आला म्हणता! पदर खोचला आणि तिच्या गच्चीवर चढले. धुराड्याच्या तोंडावर कौल, वर चिंधीनं घट्ट आवळलेलं. सोडवून खाली आणलं आणि तिच्यापुढं आदळलं.

अक्का त्या काजळलेल्या चिंधीकडं बघत राहिली. तिच्याच जुन्या लुगड्याचा काठ. पावसाळ्यात माझं मांजर धुराड्यातून उतरून तिचं दूध पितं, असा तिला संशय आला होता. तिनंच नटराज गवंड्याकडून ते कौल बांधून घेतलं होतं, आणि साफ विसरली होती. माझं मांजर! त्याला धड भिंतही चढता येत नाही.

"शिव शिव," ती म्हणाली. "जयश्री, माझा पोरगा जाईल गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं पापनाशमला गेलो. ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवतोय, असं ती वाटेत म्हणालीच. सून दारात आली आणि सासूला बघून तशीच आत वळली. अक्कानं पिशवीतून कौल काढून उंबऱ्यावर ठेवलं. "हे मीच घातलं होतं, आणि आळ तुझ्यावर घेतला. त्या दिवशी मी लाकूड ओढायला सांगत होते, पळायला नाही," ती म्हणाली. सुनेशी पहिल्यांदाच तमिळमध्ये. साईप्रियानं कौल उचलून बघितलं. मग आत जाऊन पिशवी घेऊन आली.

सोमवारी भिंतीपलीकडं चूल पेटली. धूर सरळ वर. लाकूड पुन्हा आत गेलं असावं, कारण अक्काचा आवाज आला, "ओ..." आणि मध्येच थांबला. तमिळमध्ये ओढायला इळु म्हणतात.

"इळु गं, इळु," अक्का म्हणाली.

"ओढते, अत्तै," सून मराठीत म्हणाली.