दामल्यांचा जर्मन कोट

दामल्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो आणि उंबऱ्यातच माती खाल्ली. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक करडा-हिरवट कोट टांगलेला होता. मी आपुलकीने विचारलं, "वॉचमनचा कोट कपाटात का ठेवलाय?" बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

"कुलकर्णी, तो जर्मन सैनिकाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटचा," दामले म्हणाले.

दामले आमच्या मस्कतच्या बांधकाम कंपनीचे खरेदीप्रमुख. राहायचे मस्कतमध्येच, अल हैलला. पानं वाढून होईपर्यंत त्यांनी कोटाची कुळकथा सांगितली. युद्ध लांबलं तशा खिशांच्या चुण्या गेल्या, मग खालचे खिसेच गेले, लांबी घटली, लोकरीत चिंध्या पिंजून घातल्या. "तरी लढले की नाही?"

"पण त्या सैन्याने जे केलं..." मी चाचरलो.

"राजकारण सोडा हो. शिवण बघा."

हे त्यांचं पालुपद. ऑफिसातले चहाचे कप लहान केले तेव्हाही म्हणाले, "शिवण बघा." आम्ही हसलो. मी तर घरी नक्कलही करून दाखवायचो.

मग वाळवंटातल्या इब्रीच्या साइटवरच्या कामगारांसाठी दामल्यांनी निवडलेले नवे कपडे आले. सुती जाऊन पॉलिएस्टर. पाठीवर वारा खेळायला ठेवलेली फट शिवून बंद. भर जूनमध्ये. दामले त्या नमुन्यावरून असा हात फिरवत होते, जणू नातवाचं झबलं.

रत्नागिरीचा फरीद तिथला मुकादम. एका शुक्रवारी तो दामल्यांच्या दारात उभा राहिला, मी तिथेच होतो. त्याने सदरा वर केला. पाठ लालभडक, जागोजागी सोललेली.

"साहेब, समद्यांच्या पाठी अशाच झाल्यात. नवीन काय नको. जुना सुती परत द्या, खलास."

दामल्यांनी पाठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "जर्मन सैनिक चिंध्या घालून रशियाच्या बर्फात उभा होता, फरीद. सवय होईल, इन्शाल्ला."

"होईल साहेब," फरीद म्हणाला. "पाठ तुमची असती तर सवय नाही, सुती आला असता."

महिन्याभरात तो नोकरी सोडून किनाऱ्यावरच्या सूर गावी मावसभावाच्या मासळीच्या धंद्यात गेला. बाकीचे त्याच कपड्यांत राहिले. दामल्यांना बढती मिळाली, दुबईला.

निरोपाला मी आणि बायको गेलो. सगळं सामान खोक्यांत गेलं होतं, फक्त कोट बाहेर होता. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसे दामले त्याला मलमलीत गुंडाळत होते. हमाल प्लास्टिकची पिशवी घेऊन पुढे झाला, तर केवढ्याने खेकसले त्याच्यावर.

मग माझ्याकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाले, "शुद्ध सुतीच लागतं, कुलकर्णी. नाहीतर कापड गुदमरतं हो. त्याला श्वास नको घ्यायला?"

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझ्या तोंडात त्यांच्याच घरचा बेसनलाडू होता. तो गिळवेना आणि तिथे थुंकवेना, म्हणून खाली येऊन जिन्याजवळच्या कचरापेटीत थुंकलो.

गाडीत बायकोने पट्टा लावला. मग म्हणाली, "त्या कोटात आता माणूस नाही ना, म्हणून एवढी माया."