सत्तेचाळीस मेंढ्यांचं कुलूप

धारूरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर मी आणि माझी धाकटी जाऊ टायपिंगचा क्लास चालवतो. आठ कॉम्प्युटर, दहा बायकांची बॅच आणि दोन पक्ष. खिडकीकडच्या चार मशीनवर विंडोज, तो जावेचा पक्ष. भिंतीकडच्या चारांवर लिनक्स, तो माझा.

पूर्वी असं नव्हतं. आठही मशीनवर कुणाकडून तरी आणलेली चोरीची विंडोज होती, आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून आम्हीच तिचे अपडेट बंद करून ठेवले होते. मग एका बाईनं भाचीच्या लग्नाचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह लावला. सगळ्या जणी नवरीचा शालू बघत होत्या आणि मी फायली एकेक करून नाहीशा होताना बघत होते. दुपारपर्यंत आठही मशीन आडवी.

जाऊ म्हणाली, “अस्सल विकत घेऊ.” मी म्हणाले, “लिनक्स टाकू. फुकट आहे, अस्सलही आहे.”

“फुकटचं टिकतंय व्हय, ताई? बिघडलं तर फोन कुणाला लावायचा?”

तिचा मुद्दा खोटा नव्हता. विकतची सिस्टीम म्हणजे खानावळ. भाजी खारट झाली तर ओरडायला समोर कुणीतरी असतं, पण आत जाऊन पातेल्यात डोकावता येत नाही. लिनक्स म्हणजे भंडाऱ्याची पंगत. कुणीही चुलीपाशी जावं, काय शिजतंय ते बघावं, हात लावावा. मात्र मीठ कमी पडलं की ज्यानं त्यानं उठून आणायचं. दोन दिवस भांडून आम्ही चार-चार वाटून घेतली आणि तेव्हापासून कुणाचं मशीन आधी अडतं याकडे दोघी डोळे लावून बसलो.

अडलं दोघींचंही, आणि ते सिस्टीममुळे नव्हे. बायका पासवर्डच्या चिठ्ठ्या करून कीबोर्डखाली चिकटवायच्या. एकीनं तर मॉनिटरवर टिकलीखाली लपवला होता. मी नियम केला: पासवर्ड कुठंही लिहायचा नाही, आणि नवीन काही टाकायचा मुख्य पासवर्ड एकीलाच माहीत असेल. खिडकीकडचा जावेकडे. भिंतीकडचा मी स्वतःकडे ठेवला नाही. आमच्या ह्यांना दुपारी तिथं पत्त्यांचा खेळ टाकायचा असतो, आणि माझ्याकडून गुपित काढून घ्यायला त्यांना दोन कप चहा पुरतो. म्हणून तो बॅचमधल्या एका मेंढपाळाच्या सुनेला ठेवायला सांगितला. घाटाच्या वरच्या वस्तीवरून चालत यायची. बोटं वाऱ्यासारखी चालायची, तोंड मात्र दिवसाला दहा शब्दांवर उघडायचं नाही. मी म्हणाले, “मलाही सांगू नकोस.” तिनं मान हलवली.

यंदा आमच्या क्लासला परीक्षा केंद्र मिळायची शक्यता निर्माण झाली. हे मिळणं फार गरजेचं होतं. केंद्र आजवर बीडला, आणि दहापैकी सहा जणींच्या घरचे त्यांना बीडला पाठवायला तयार नव्हते. त्यात ही सूनही. तिच्या सासऱ्याचं म्हणणं सरळ होतं: “धारूरला आसंल तर दे परीक्षा. बीडला कशापायी जायचं?” म्हणजे केंद्र मिळालं तर प्रमाणपत्र, नाही तर पुन्हा मेंढरं. परीक्षा मंडळाचं पत्र आलं, तपासणीस येऊन बघतील म्हणून. त्यात लिहिलं होतं की सिस्टीम कोणतीही चालेल, पण अस्सल हवी, अपडेट हवी, आणि परीक्षेचा प्रोग्रॅम आठही मशीनवर चालू दिसला पाहिजे.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो प्रोग्रॅम आला. जावेनं तिच्या चार मशीनवर टाकला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. माझ्या मशीननं पासवर्ड मागितला. सून आलेली नव्हती. तेवढ्यात तपासणीसांचा फोन: “मांजरसुंब्याला चहाला थांबलोय, निघतोच.”

मी सुनेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वारा आणि मेंढ्या दोन्ही ऐकू येत होत्या.

“म्याडम, मेंढी अडलीती. आत्ता मोकळी झाली. निघते.”

“चालत यायला तुला दोन तास. पासवर्ड सांग.”

“कसं सांगू? मामंजी हितंच बसल्यात.”

“त्यांचा काय संबंध?”

माझ्या मागून एक बाई फिस्सकन हसली. “म्याडम, मालकाचं नाव ठिवलं आसंल तिनं!” आणि सगळी बॅच फुटली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मोठ्या अक्कलहुशारीनं जिल्ह्यातला सगळ्यात पक्का पासवर्ड तयार करवून घेतला होता. जो बाईला सासऱ्यासमोर उच्चारताच येत नाही, तो चोरणार कोण?

“मेसेज टाक,” जाऊ म्हणाली.

“लिहायचा न्हाई म्हणल्यात की म्याडम.”

“आज लिही,” मी ओरडले.

“ह्यो बटनाचा फोन हाय. ह्याच्यावर मराठी उमटत न्हाई.”

“मग उखाण्यात घे!” बॅच एका सुरात म्हणाली. उखाण्यात घेतलेल्या नावाला सासराही हरकत घेत नाही. तिनं घसा साफ केला, आणि माळावरून आवाज आला:

“माळावर चरत्यात मेंढ्या, खाली वाहती नदी,
अमुकरावांचं नाव घेते तपासणीच्या आधी!”

(नाव मी इथं लिहीत नाही. पासवर्ड बदलला, पण नियम तो नियम.)

टाळ्या पडल्या. जावेनं शिट्टी मारली, आमच्या घराण्यात हे प्रथमच. मी नाव टाइप केलं. चूक.

इथं सांगायला हवं की मीच शहाणपणा करून तीन चुकांनंतर चारही मशीन तासभर बंद पडतील अशी सोय केली होती.

“लागत नाही गं!”

“त्याच्या म्होरं मेंढरं हायत.”

“मेंढरं?”

“आकडा, म्याडम. आमच्या मेंढरांचा. मोजून ठिवला. अठ्ठेचाळीस.”

टाइप केलं. चूक. आता एकच संधी. जाऊ कानाशी म्हणाली, “ताई, विंडोजला चार खुर्च्या हायत. सहा जणींना नंबर लावू.” मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नीट आठव. अठ्ठेचाळीसच का?”

फोनमध्ये एक जाड, म्हातारा आवाज घुसला. सासरा इतका वेळ सगळं ऐकत होता. “आगं, आत्ता झालेलं कोकरू धरलंस व्हय त्यात? सकाळपत्तुर सत्तेचाळीसच हुती की!”

सत्तेचाळीस टाकलं. उघडलं. बाकीच्या तिन्हीवरही. खाली भांड्यांच्या दुकानदारानं काठीनं छत ठोकलं इतका गोंगाट झाला.

तपासणीस आले, चष्मा लावून आठही मशीन पाहिली. मग विचारलं, “मुख्य पासवर्ड किती जणांना माहीत आहे?”

खोटं बोलता आलं असतं. पण दहा बायका ओठ दाबून लाल झाल्या होत्या. मी म्हणाले, “सकाळपर्यंत एकीला. आता बारा बायकांना आणि एका सासऱ्याला.”

त्यांनी पेन खिशात ठेवलं. “मग तो बदलल्याशिवाय सही नाही.”

“जिचा आहे ती बदलेल. येतेय.”

आली ती घामाघूम, पदरात कोकरू गुंडाळून. म्हणे आईला दूध उतरेना, एकटं कुठं ठेवणार? कोकरू तपासणीसांच्या मांडीवर दिलं, कारण मोकळी मांडी तेवढीच होती. मी हुकूम सोडला, “सगळ्यांनी भिंतीकडे तोंड.” तपासणीसांसकट सगळे वळले. मागं चार मशीनवर एकापाठोपाठ बोटं वाजली.

सही झाली. केंद्र मिळालं.

जाऊ खिडकीकडून त्या सुनेजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “माझ्या चारांचाही तूच ठिव बाई. आन् ह्यावेळी कुणाचं नाव ठिवलंस?”

“न्हाई सांगत,” ती म्हणाली, आणि सरावाला बसली. कोकरू मलाच धरावं लागलं.