नसलेल्या पंखाची चोरी

चहा येतोय तोवर सांगून टाकतो, नंतर माझी हिंमत व्हायची नाही. इतकी वर्षं भिवंडीत बातमीदारी केली. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्यांशी भांडलो, गोदामवाल्यांशी भांडलो, मला बघून नगरसेवक रस्ता बदलायचे. आणि अब्रू गेली ती कुणामुळे? एका मेलेल्या म्हातारीमुळे. तीही पाण्यातली!

काल्हेरच्या गोदामांमागे, खाडीकाठी ओहोटीच्या चिखलात डॉल्फिन पडलाय असा सकाळी फोन आला. गेलो. अहो, काय देखणी होती ती! माणसाच्या खांद्याला लागेल एवढी लांब, राखाडी, अंग असं तुकतुकीत की कुणी नुकतंच तेल चोळून ठेवलंय. तोंडावर हसू. ट्रकांच्या त्या धुरात, आमच्या त्या काळ्या पाण्यात हा जीव आला कुठून? मी मिनिटभर टोपी काढून उभा राहिलो.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण डोक्यातला बातमीदार जागा झाला. डॉल्फिन म्हटला की पाठीवर त्रिकोणी पंख. प्रत्येक चित्रात असतो, पोरांच्या दप्तरावरसुद्धा असतो. हिची पाठ सपाट! पंख गेला कुठे?

शेजारी जनूकाका उभे होते. जुने आगरी, तरुणपणी याच खाडीत जाळी टाकलेला माणूस, आता दापोड्याला दोन गोदामं. जनावर त्यांनाच आधी दिसलं होतं. शेपटीत गुंतलेलं जाळं त्यांनी कापून काढलं, म्हणून हातात कोयता.

मी विचारलं, "काका, पंख कुणी कापला?"

"कापतोय कोन? या जातीला पंख न्हायच."

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या हातात कोयता आहे तो दुसरं काय बोलणार? मी वाकून पाठ तपासली. जखम नाही, रक्त नाही, ओरखडासुद्धा नाही. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हटलं, खूणही ठेवली नाही म्हणजे काम सराईताचं! पुरावा जितका सापडेना, तितकी माझ्या डोक्यातली टोळी मोठी होत गेली. दुपारपर्यंत ती आंतरराष्ट्रीय झाली.

तेवढ्यात मुंबईहून एक डॉक्टरबाई आल्या. जनावरांच्या डॉक्टर, पण गाईम्हशींच्या नव्हेत. समुद्रातले सस्तन प्राणी म्हातारे कसे होतात, त्यांना कोणते आजार जडतात, यावर त्यांचं संशोधन. तपासणी होईपर्यंत थांबा, असं त्या म्हणाल्या. थांबतोय कशाला! दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर माझा मथळा: 'कोवळ्या डॉल्फिनचा पंख छाटला'. खाली बारीक अक्षरात: 'घटनास्थळी कोयताधारी इसम'. कोवळी कशावरून? अंगावर एक सुरकुती नव्हती म्हणून.

वनखात्याने सकाळीच जनूकाकांना उचललं. त्याच संध्याकाळी कोन गावात त्यांच्या नातीचा साखरपुडा, आणि होणाऱ्या व्याह्यांच्या घरी माझाच पेपर येतो. काकांची सून मला फोनवर जे बोलली, ते छापता येणार नाही.

तरी मी वनखात्याच्या कचेरीत गेलो तो पुढची बातमी आणायला. काका साखरपुड्याचा इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसलेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने डॉक्टरबाई तपासणी उरकून आल्या. वनपालांनी पंखाचं विचारलं.

"नव्हताच. ही बिनपंखी पॉर्पॉइज, डॉल्फिनची लांबची बहीण. पाठीवर नुसता खरखरीत कंगोरा असतो."

मी मागे हटणारा नव्हे. म्हटलं, असेल, पण एका कोवळ्या जिवाचा बळी गेलाच ना?

"कोवळ्या? अहो, आजीबाई आहेत त्या."

आणि मग बाई सांगत गेल्या, मी ऐकत गेलो. दात हिरड्यांपर्यंत झिजलेले. मणके एकमेकांत सांधले गेलेले. एक बरगडी कधीकाळी मोडून आपली आपण जुळलेली. कुठला डॉक्टर, कुठलं प्लास्टर? अंडाशयावर जुने वण, तिच्या पिल्लांच्या वर्षांचे. नक्की वय दात कापल्यावर कळेल, म्हणाल्या. दात कापून वय? त्यांनी पिशवीतून काचेची पट्टी काढली. दुसऱ्याच एका जनावराच्या दाताचा पातळ काप. माझ्या हातात भिंग दिलं आणि पट्टी खिडकीकडे धरायला लावली.

काय सांगू! तांदळाच्या दाण्याएवढा दात, आणि आत रेषाच रेषा. एक रेष म्हणजे एक वर्ष. एक पावसाळा, एक उन्हाळा, समुद्रातलं एक आख्खं वर्ष, कुणी बघितलं नाही, कुणी छापलं नाही, पण नोंद पक्की. मी मोजायला लागलो, मध्येच चुकलो, पुन्हा मोजलं. एके ठिकाणी रेषा दाटीवाटीने आल्या होत्या. हे काय, म्हणून विचारलं. वय वाढलं की रेषा अशा जवळ येतात, बाई म्हणाल्या. मला भिंग खाली ठेववेना.

वनपाल खोकले. काकांना सोडायचं तर माझा जबाब हवा होता. मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं की जो पंख कापला असं मी लिहिलं, तो पंख मुळात नव्हताच. वनपालसाहेबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा शिपायाला बोलावून. उद्या पहिल्याच पानावर खुलासा छापतो, असंही कबूल केलं. काका म्हणाले, उद्या नाही, आत्ता. माझ्याच फोनवरून मला व्याह्यांना सगळं सांगायला लावलं.

तो फोन संपला तेव्हा कुठे काका उठले. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि डॉक्टरबाईंकडे वळले.

"बाई, वय झालं की दात झिजतात ते समजलं. डोलं पन जातात काय?"

बाई पडल्या संशोधक. त्यांना वाटलं, काका अभ्यासाचं विचारतायत. थोडा विचार करून अगदी मनापासून म्हणाल्या, "जातात कधीकधी. पण हिचे तपासले मी. चांगले स्वच्छ होते."