सारवलेली भिंत

तेव्हा मी हिवताप खात्यात फवारणीला होतो. पावसाळ्याआधी कशेळ्यापुढच्या गावांत पंप घेऊन हिंडायचं, घराघरांतल्या भिंतींवर डीडीटी मारायची आणि बायकांना बजावायचं, "पाऊस सरेपर्यंत भिंती सारवू नका, औषध झाकलं जाईल." पांढरे डाग पाहून त्या तोंड वाकडं करत. माझ्या कपड्यांना औषधाचा उग्र वास यायचा, म्हणून कुणी ओटीवरही बसवत नसे. मी एकटाच आंब्याखाली डबा खायचो.

एका घरात मात्र म्हातारीनं मला आत बसवून गरम भाकरी वाढली. मी खात असताना तिनं विचारलं, "पोराचं लगीन हाय, भाऊ. ह्ये डाग बरं नाय दिसत. भिंत सारवली तर चालंल ना?"

कितीतरी दिवसांनी मला कुणी भाऊ म्हटलं होतं. मी म्हणालो, "चालेल की."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तेव्हा नवी सून त्याच भिंतीला टेकून बसली होती. भादव्यात तिला हिवताप झाला आणि पोटातलं मूल गेलं, असं म्हातारीनं सांगितलं.

"देवाची मर्जी, भाऊ," म्हणत तिनं माझ्यापुढं गरम भाकरी ठेवली.

मर्जी कुणाची होती, ते त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं.