लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

"मॅडम, शेरूचं तोंड बघा, कसं सुजून राहिलंय!" सोनकांबळेकाकू ऑटोतूनच ओरडल्या.

भोकरला माझा जनावरांचा दवाखाना आहे. शेरू हे त्यांचं गावठी कुत्रं. थोड्या वेळापूर्वीच मी त्याला वार्षिक लस टोचली होती. आता त्याचे डोळे सुजेनं मिटले होते. हिरड्या पांढऱ्याफटक, पाय गार. लसीची रिअ‍ॅक्शन होती. ती क्वचितच येते, पण आली की फार वेळ देत नाही.

"अर्धा तास इथंच बसा. आज फिरवणं बंद," असं मी बजावलं होतं. काकू बसणारही होत्या. पण त्यांचे मिस्टर, रिटायर शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, ते शेरूला घेऊन उठले. "माझी चालायची वेळ झाली," म्हणाले.

गुरुजींना लकवा होऊन गेला होता. फिजिओथेरपीवाल्यानं सांगून बघितलं, मुलीनं रडून बघितलं, ते खाट सोडेनात. शेवटी शेरू दाराशी भुंकायला लागला, तेव्हा उठले. त्याच्याबरोबरची फेरी त्यांनी एक दिवसही चुकवली नव्हती.

"वाटेत उलटी केली यानं," काकू सांगत होत्या. "हे म्हणले, कायतरी खाल्लं आसंल. तसंच चालवलं. मग हा खालीच बसला. ह्यांना ऑटोत चढता येईना, टपरीवर बसवून आले."

मी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. बुडणारं ब्लड प्रेशर ते सावरतं. मग सलाईन लावलं. काकूंनी शेरूचं डोकं धरून ठेवलं.

"मॅडम, हा गेला तर हे पुन्हा उठणार न्हाईत."

स्टेथोस्कोप माझ्या कानात होता, आणि ठोके फार बारीक लागत होते.

बऱ्याच वेळानं हिरड्यांवर गुलाबी रंग आला. शेरूनं मान उचलली. त्याच सुमाराला दारात गुरुजी दिसले. भिंतींना धरत, पाय ओढत, एकटेच आले होते. शर्ट घामानं भिजलेला.

"हाय का?"

"आहे."

ते मटकन बाकावर बसले. "मीच चालवलं त्याला," एवढंच म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

दुसऱ्या दिवशी शेरू घरी गेला. काही दिवस त्याला दमवू नका म्हटलं. गुरुजी तेवढे दिवस काकूंचा हात धरून चालले.

आता लस टोचल्यावर लसीच्या कार्डावर सही मी अर्ध्या तासानं करते. सूचनेसाठी कुणी थांबत नाही. सहीसाठी थांबतात.